आकृतीतली मोकळी जागा

परवा दुपारी भाची जमिनीवर पालथी पडून वनस्पती पेशी काढत होती. पेशीभित्तिका झाली, तिच्या आतून प्रद्रव्यपटल झालं, केंद्रक जांभळं झालं, हरितलवकांना दोन वेगवेगळे हिरवे रंग झाले (का ते विचारायचं नाही), आणि मधे हा भला मोठा भाग तसाच कोरा. मी म्हटलं इथे काय राहिलं गं, तर मान वर न करता म्हणाली, "ती रिक्तिका आहे मावशी, तिच्यात काही नसतं, नुसता बाण काढायचा." आणि काढला पण. विषय संपला.

मला ते जरा लागलंच. का ते सांगता येणार नाही, रिक्तिकेशी माझं काही देणंघेणं नाही. पण आम्हीही तेच करायचो ना. सुबक आणि नामनिर्देशित आकृती काढा, मार्क पाच. सगळी नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक सरळ रेषेत, बाण पट्टीने, आणि एकही बाण दुसऱ्याला क्रॉस करता कामा नये, बाई त्यासाठी अर्धा मार्क कापायच्या. अजूनही कुठल्या आकृतीत दोन्ही बाजूंना लेबलं दिसली की मला खाजवल्यासारखं होतं. असो.

त्या चॅप्टरमधलं एकेकाच्या डोक्यात काय उरतं ते बघण्यासारखं आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे बाकी सगळं विसरलेल्या माणसालाही झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, हे मागच्या बाकावरच्या पोरांना भयंकर आवडायचं. गॉल्जी लक्षात राहायचा कारण तो चक्क माणूस होता, इटलीचा, त्याला पुढे १९०६ साली नोबेल मिळालं पण ते चेतापेशींवरच्या कामासाठी, आणि नाव मात्र घराघरात पोचलं ते या चपट्या पिशव्यांच्या चळतीमुळे. आणि रायबोसोम! पेशीत प्रथिनं बनवणारे हे कण, आकृतीत म्हणजे नुसते ठिपके. पेन्सिलीला टोक करून सगळा वर्ग एकदम ठिपके द्यायला लागायचा, टक टक टक टक, पन्नास-साठ पोरं, बाई ओरडायच्या अरे हळू, की आणखी जोरात. त्या आवाजाइतकं मला जीवशास्त्रातलं दुसरं काही स्पष्ट आठवत नाही.

मग एकदा मायक्रोस्कोप. कांद्याची पातळ पारदर्शक साल, आयोडीनचा थेंब, कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत (येतातच). लांबट चौकटी एकाला एक चिकटून, कडेला कुठेतरी पिवळसर तपकिरी केंद्रक. पण हिरवं कुठाय? पुस्तकातल्या वनस्पती पेशीत ते ठसठशीत हरितलवक, उजेडावर अन्न बनवणारे हिरवे कण, असतात आणि इथे एक नाही. नसणारच, कांद्याचा जो भाग आपण सोलतो तो जमिनीखाली वाढलेला, त्याला उजेडाशी काय करायचंय. मुळांच्या पेशीतही नसतात. मग गालाच्या आतून काडी फिरवून काढलेली प्राणी पेशी, मेथिलीन ब्लूने निळी केलेली, ती तरी गोल असावी, तर तीही नाही, चपटी, वेडीवाकडी, कडा दुमडलेल्या. आणि तरी आम्ही सगळ्यांनी प्रयोगवहीत काय काढलं? पुस्तकातलं. डोळा भिंगाला आणि हात पुस्तकाच्या हुकमात.

खरं सांगायचं तर ती आकृतीतली पेशी कुठेच नसते. तिच्यात सगळ्यांचं सगळं घातलेलं असतं, कारण परीक्षेत सगळं विचारायचं असतं. तांबडी रक्तपेशी घ्या, माणसाची, तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, तयार होतानाच टाकून देते आणि तशीच साधारण १२० दिवस फिरते (पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, ते का ठेवतात ते त्यांनाच माहीत). पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत जाणारी चेतापेशी मीटरभर लांब, ती वहीत कशी मावणार. यकृताच्या एका पेशीत हजारभर तंतुकणिका आणि आपण काढतो तीन, त्यातली एक पुसलेली.

मापाचं तर बोलूच नये. गालाची पेशी ५० मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, आणि ती वहीत दहा सेंटिमीटरची काढली की दोन हजार पट झाली. त्याच हिशोबाने ती काढणारी दीड मीटरची मुलगी तीन किलोमीटर उंच होईल. आणि प्रद्रव्यपटल असतं साधारण ८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), ते दोन हजार पट केलं तरी अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीची रेघ त्याच्या तीसपट जाड पडते. मी हा हिशोब कागदावर केला, दुपार होती, काम काही नव्हतं.

हिशोबावरून रॉबर्ट हूक आठवला, सुरुवातीच्या मायक्रोस्कोपवाल्यांपैकी एक इंग्रज शास्त्रज्ञ. १६६५ साली त्याने बुचाचा पातळ काप बघितला आणि खण मोजून, घन करून, एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार खण असतील असं छापून मोकळा झाला. बारा हजार सुद्धा सोडले नाहीत! मला हा माणूस फार आवडतो. बिचाऱ्याला दिसल्या त्या मात्र नुसत्या भिंती, बुचाच्या मेलेल्या पेशी, आत काही नाही. केंद्रक हा पेशींत नेहमी दिसणारा भाग आहे असं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशी बघून मांडलं ते १८३१ मध्ये, दीडशेच्या वर वर्षं गेली मधे.

तर रिक्तिका, पेशीतली पाण्याने भरलेली पिशवी. पाण्यातल्या हायड्रिलाचं एक पान काढून तसंच मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, रंगबिंग काही नको, ते पान मुळात एक-दोन पेशींच्याच जाडीचं असतं. जरा वेळ दिव्याच्या उजेडात राहिलं की हरितलवक चालायला लागतात. खरंच चालतात, एकामागे एक, भिंतीच्या कडेकडेने, कोपऱ्यावर वळून पुन्हा पुढे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मैत्रिणीला ढकलून बघ बघ करत होते आणि ती म्हणत होती स्लाइड हलतीये. पण मुद्दा असा की ते कडेनेच का जातात, मधून शॉर्टकट का नाही मारत? कारण मधे रिक्तिका बसलीये. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत ८०-९० टक्के जागा कित्येकदा तिचीच असते, केंद्रकासकट बाकी सगळे तिने भिंतीला चेपून ठेवलेले. आणि ज्याला ऐंशी टक्के जागा त्याला पुस्तकात दीड ओळ.

ती आतून पाण्याने दाबत असते म्हणून तर पान ताठ. सायकलच्या ट्यूबमधली हवा काढली की जे होतं ते कुंडीला दोन दिवस पाणी नाही घातलं की होतं, भिंत तीच, आतला दाब गेलेला. लाजाळूला हात लावून लावून आम्ही तिचा जीव नकोसा करायचो, ती पानं मिटते ते देठाच्या बुडाशी एका बाजूच्या पेशींनी पाणी सोडल्यामुळे, म्हणजे परत हीच. लिंबू पिळतो तो आंबट रस हिच्यातला. जांभळ्या, गुलाबी पाकळ्यांचा रंग पुष्कळदा हिच्यातल्या पाण्यात विरघळलेला असतो. ऱ्होओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवली की तो जांभळा भाग आक्रसत आक्रसत भिंतीपासून सुटतो आणि पेशीच्या मधे गोळा होऊन बसतो, ताज्या साध्या पाण्यात परत टाकलं की पुन्हा पसरतो. याला नुसता बाण?

प्राण्यांच्या पेशीत लयकारिका जी कामं करतात, नको ते पचवून टाकायची, त्यातली बरीचशी झाडात हीच करते. आता हे जरा विचित्र आहे. खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या पेशींच्याच बनतात. त्या पेशी आधी आपली भिंत जाड करून घेतात, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) भरून पक्की करतात, आणि ते झालं की रिक्तिका फुटते. आतले एन्झाइम, म्हणजे पचवणारे पदार्थ, बाहेर पडतात आणि केंद्रक, तंतुकणिका, जे जे म्हणून आपण बाण काढून दाखवलं ते सगळं विरघळवून टाकतात. टोकांकडच्या भिंतींना भोकं पडतात. अशा ओळीने सगळ्या मेल्या की मग त्यातून पाणी चढायला लागतं, त्याआधी नाही. जिवंत असेपर्यंत त्यांचा त्या कामाला काही उपयोगच नसतो.

हे काही सातवी-आठवीच्या चॅप्टरमध्ये देत नाहीत. नकोच म्हणा.