एकास एकोणीस

गाडी घेतली एकदाची. टाटा पंच, पेट्रोल, मॅन्युअल, पांढरी. पांढरी का, तर घरात चार माणसांचे चार रंग ठरले होते आणि पांढऱ्यावर कोणीच खूश नव्हतं, म्हणून तीच फायनल झाली. खरं तर गणपतीतच बुक करणार होतो पण जो तो म्हणे थांब, टॅक्स कमी होणारे, आणि झालाही की, २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून थेट १८ टक्के, वरचा सेसपण गेला. मग काय, अख्खं पुणं जे थांबलं होतं ते एकदमच शोरूममध्ये शिरलं आणि सगळ्यांना डिलिव्हरी दसऱ्यालाच पाहिजे. गाड्या ढीगभर, गुरुजी एक, पुठ्ठ्याची ती मोठी किल्लीपण एकच. एका फॅमिलीचा फोटो झाला की किल्ली पुढच्या फॅमिलीच्या हातात. चाकाखाली लिंबू ठेवायलाही नंबर लावला होता लोकांनी. आई मात्र एवढ्या गर्दीतही बॉनेटवर स्वस्तिक स्वतःच काढणार म्हणून अडून बसली आणि काढलं तिने.

तर गाडी आली आणि पार्किंगमध्ये उभी राहिली. ऑफिसला मी स्कूटरनेच जातो, लक्ष्मी रोडला नवीन गाडी घालायची हिंमत नाही, सीटवरचं प्लॅस्टिक बाबा काढू देत नाहीत. आणि संध्याकाळी मी काय करतो, तर वर बेडरूममध्ये बसून युरोपात ट्रक चालवतो.

हे जरा सांगायला पाहिजे. युरो ट्रक सिम्युलेटर टू नावाचा गेम आहे, प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ मध्ये काढलेला, आणि अजूनही लोक खेळतात, त्यात नवीन देश येतच असतात. करायचं काय, तर माल उचलायचा, वेळेत पोचवायचा. बस. सिग्नल तोडला की दंड, स्पीड वाढवला की दंड, जास्त वेळ चालवलं की ड्रायव्हर जांभया द्यायला लागतो, मग पार्किंग शोधून झोपायचं. माझ्याकडे लॉजिटेकचा जी२९ स्टीअरिंग सेट आहे, टेबलाला शिकंज्याने आवळून बसवायचा, खाली क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर, आणि उजव्या हाताला गिअरचा दांडा वेगळा घेतलेला. पुतण्या आला की पाच मिनिटं बघतो आणि विचारतो, काका यात मारायचं कोणाला? कोणालाच नाही रे. मग तो मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे तो गोळ्या झाडायचा गेम, खेळायला निघून जातो. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. खाली आठ लाखांची खरी गाडी उभी आणि हा वर बसून खोटा ट्रक चालवतोय, असं ती येईल त्या पाहुण्याला सांगते आणि पाहुणे माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघतात.

या गेमचा नकाशा एकास एकोणीस आहे, म्हणजे खरा एकोणीस किलोमीटर रस्ता गेममध्ये एक किलोमीटर. घड्याळपण त्याच हिशोबाने पळतं. त्यामुळे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून निघालं की सात-आठ मिनिटांत इन्सब्रुक, अजून थोडं पुढे गेलं की इटली. हे मला कायम फार सोयीचं वाटत आलंय. मधलं सगळं रटाळ काढून टाकलंय ना त्यांनी.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत खरंच तिकडे गेलो. ठरलं होतं वर्षभर आधी, गाडीचा आणि ट्रिपचा खर्च एकाच तिमाहीत येणार हे तेव्हा कोणाला माहीत. आरटीओतून एक हजार रुपये भरून इंटरनॅशनल परमिट काढलं, म्युनिकला उतरलो, भाड्याची गाडी घेतली. उलट्या बाजूने चालवायचं म्हणून बायकोने विमानापासूनच हॅंडल घट्ट धरलं होतं पण मला डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायची सवय घरच्या टेबलावर आधीच झालेली होती. हे मी तिला तिथेच बोलून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पाहुण्यांना सांगायचा तो डायलॉग तेव्हापासून जरा कमी झालाय.

ऑस्ट्रियात शिरायच्या आधी विनयेट घ्यावं लागतं, मोटरवे वापरायचा तो टॅक्स, २०२५ मध्ये १० दिवसांचं १२.४० युरो होतं. तेव्हा काचेवर स्टिकर लावता येत होता किंवा ऑनलाइन गाडीचा नंबर टाकला की झालं. आपल्यासारखे टोलनाके दर पन्नास किलोमीटरला नाहीत. साल्झबर्ग ते इन्सब्रुक, जे मी घरी चहा संपायच्या आत करतो, ते साधारण १८० किलोमीटर निघालं आणि दोन तास लागले, थांबे वेगळे. इन नदीच्या खोऱ्यात तर १३० चा मोटरवे असून बोर्डावर १०० दाखवत होते, अपघात नाही, रस्त्याचं काम नाही, कारण हवा. दरीत धूर साठून राहतो म्हणून स्पीड कमी. आणि लोक खरंच शंभरने चालले होते सगळे, पोलीस दिसत नसताना. मी पण चाललो, गेममध्ये दंड भरून भरून तेवढं वळण लागलंय.

पण खरी गंमत झाली रविवारी. इटलीकडे नेणाऱ्या ब्रेनर खिंडीच्या रस्त्याला लागायच्या आधी कॉफीला थांबलो तर पार्किंगमध्ये ट्रकच ट्रक, स्कॅनिया, डीएएफ, इव्हेको, मॅन, पोलंडच्या नंबरप्लेट, रोमानियाच्या, लिथुआनियाच्या, आणि एकही हलत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी मोठ्या ट्रकना बंदी असते, दूध-फळं असला नाशवंत माल सोडला तर रात्री दहापर्यंत उभंच राहायचं. मला हे माहीतच नव्हतं, कारण गेममध्ये रविवारची बंदी नाही. ड्रायव्हर लोक काय करत होते, तर एकाने दोन ट्रकच्या मधे दोरी बांधून कपडे वाळत घातले होते, एक जण छोट्या गॅसवर काहीतरी परतत होता, कांदा नक्की होता त्यात, वास आला, आणि दोघंतिघं घडीच्या खुर्च्यांवर बसून नुसते गप्पा मारत होते. हायवेला आपल्याकडे ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेले असतात ना, तेच अगदी, फक्त थंडी जास्त. मागे बर्फाचे डोंगर आणि मी फोटो काढतोय ट्रकचे. बायको म्हणाली, अरे आल्प्स तिकडे आहे. माझ्या फोनमध्ये आल्प्स आहेतच, ट्रकच्या मागे.

ब्रेनरचा घाट चढताना युरोपाब्रुके नावाचा पूल लागतो, १९६३ चा, दरीपासून जवळपास १९० मीटर वर. गेममध्ये या भागात माझं लक्ष फक्त पुढच्या ट्रककडे असतं. इथे पूल संपेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. आणि ती खिंड, आल्प्स ओलांडायची म्हणजे काय काय कल्पना केल्या होत्या, ती १३७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याच आसपासची उंची. हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग एवढे पैसे घालवून तिकडे कशाला गेलात?

आल्यावर पहिलं काम केलं ते सीटवरचं प्लॅस्टिक काढलं. बाबा रागावले, पण साताऱ्याला जायचं म्हटल्यावर पुढच्या सीटवर सगळ्यात आधी तेच बसले. पुणे-सातारा ११० किलोमीटर, एकास एकोणीसने सहासुद्धा होत नाहीत, ट्रकच्या ऐंशीच्या स्पीडने जेमतेम साडेचार मिनिटं. यातून काय काय कापावं लागेल याचा हिशोब मी डोक्यात करत होतो आणि शेजारी बाबा बोलत होते. नीरा ओलांडली की आपला जिल्हा. शिरवळला अमक्या आत्याचं सासर. खंडाळ्याला एकदा एसटी बंद पडली होती तर लोकांनी शेतातल्या शेंगा आणून दिल्या. खंबाटकीच्या चढाला त्यांनी दर वेळेसारखं सांगितलं की जाताना घाट असतो आणि येताना बोगदा, जणू मी हा रस्ता पहिल्यांदाच बघतोय. सुरूरला आईने थांबायला लावलं, चहासाठी म्हणून, पण खाल्ली मिसळ. साडेचार तास लागले. शिरवळ तर मावलंच नसतं त्या नकाशात, आत्याचं सासर लांबच राहिलं.

परवा बाबा पहिल्यांदा माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, माल काय आहे? मी म्हटलं, योगर्ट. म्हणजे? म्हणजे दही, बाबा. दही? इन्सब्रुकहून व्हेरोनाला? तिकडे म्हशी नाहीत का? मी म्हटलं असतील. आंबट होईल पोचेपर्यंत, ते म्हणाले, आणि वाकून स्क्रीनकडे बघायला लागले. डिलिव्हरी झाली, पैसे जमा झाले. भाडं किती सुटलं? युरोचा आकडा सांगितला. त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला, रुपयात आणला, खूश झालेले दिसले, आणि मग विचारलं, डिझेल कोणाचं यात, तुझंच ना?