ओंजळभर वाळू

आपल्या कराटे वर्गाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी सरांच्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला, त्या संध्याकाळी मी आधी माळ्यावरचं गाडगं खाली काढलं. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. काठ बोटभर जाड आणि बाहेर वळलेला, त्याखाली मान आवळलेली, पोट मोठं. काठाच्या आतल्या अंगाला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगठ्याचा ठसा आहे, भट्टीत तसाच पक्का झालेला. अशी चौदा गाडगी आप्पांनी सरांसाठी केली. त्यातली दोन उरलीत. एक वर्गात आहे, एक माझ्याकडे.

मी वर्गात आले ती या गाडग्यांमुळे, म्हणून तिथूनच सांगते.

१९८४ चा उन्हाळा. आमचं घर कोल्हापुरात कुंभार गल्लीत. गणपतीचं काम सुरू व्हायला अजून अवकाश होता आणि आप्पा चाकावर माठ काढत होते. सर सायकलवरून आले आणि खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर पेन्सिलीनं एका भांड्याचं चित्र आणि बाजूला सेंटिमीटरमध्ये मापं. आप्पांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. "लोणच्याची बरणी हाय व्हय?"

"नाही हो. उचलायची आहे. वरनं काठ धरून, नुसत्या बोटांनी. तळवा टेकता कामा नये."

"आन आत काय भरायचं?"

"आधी काहीच नाही. मग वाळू."

आमचं कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर या भांड्याला निगिरिगामे म्हणतात. एकेका हातात एकेक धरून, खांदे खाली ठेवून, पाय अर्धचंद्रासारखे फिरवत चालायचं. आपल्या तालमीत मुद्गल आणि करेला असतात, तशी तिकडे निगिरिगामे, आणि दांड्याच्या टोकाला दगड बसवलेली चिइशी. चिइशी सरांनी घरीच केली होती, डालड्याच्या डब्यात सिमेंट ओतून मधे बाभळीचा दांडा रोवला होता. गाडग्यांच्या जागी तोवर पत्र्याचे डबे चालवले होते, पण डब्याची कड बोटं कापायची.

पहिली जोडी भट्टीत तडकली. काठ जाड आणि पोट पातळ, म्हणजे दोन्ही सारखं सुकत नाही. दुसऱ्या वेळी आप्पांनी ओलं गोणपाट पांघरून ती आठ दिवस सावलीत ठेवली. सर रोज संध्याकाळी येऊन बघून जायचे. एकदा आप्पा माती तुडवताना सहज म्हणाले, "लई घट्ट पण नको आन लई सैल पण नको, नायतर चाकावर उभीच ऱ्हात न्हाई." सरांनी खिशातली वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. त्याचा अर्थ मला पुढे काही वर्षांनी कळला.

तयार जोडी पोचवायला मी आणि दादा हातगाडी घेऊन गेलो. शाळेच्या मागचा तो कौलारू हॉल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आत पंधरावीस मुलगे होते. एकेकानं गाडगं उचलून पाहिलं, कुणाच्या बोटांतून निसटलं, कुणी तळव्याचा आधार घेतला. मी तेरा वर्षांची होते. लहानपणापासून ओली मडकी काठाला धरून उचलायची सवय, त्यामुळे मी दोन्ही उचलली आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन ठेवली. कशी धरली ते सरांनी मला परत करून दाखवायला लावलं आणि मुलांना म्हणाले, "बोटं बघा तिची." मग मला म्हणाले, "घरी विचारून ये."

घरी विचारणं सोपं नव्हतं. मुलीनं पोरांच्यात जाऊन हाणामारी शिकायची हे आईला पटेना. सर आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोघं आमच्याकडे आले. सरांनी कराटेचं कौतुक वगैरे काही सांगितलं नाही. आमच्या पंथाचे मूळ गुरू चोजुन मियागी, ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातले, एवढं सांगून ते आप्पांना म्हणाले, "लढाईत ते गाव पार बेचिराख झालं. त्यानंतर ते त्सुबोयात राहिले आणि घराच्या अंगणात शिकवायला लागले. त्सुबोया म्हणजे तिथली कुंभार गल्ली."

आप्पांनी हातातली तंबाखू तशीच ठेवली. "मास्तर कुंभाराच्यात ऱ्हायला?"

"हो. नाहातली गाडगी-मडकी तिथंच घडतात."

"जाऊ दे मग हिला," आप्पा आईला म्हणाले.

पुढे मी स्वतः वाचून खात्री करून घेतली. खरंच आहे ते. १९४५ मध्ये नाहा शहर जमीनदोस्त झालं आणि परत येऊन उभं राहायची परवानगी सुरुवातीला ज्यांना मिळाली त्यांत त्सुबोयाचे कुंभार होते, कारण लोकांकडे जेवायला भांडीच उरली नव्हती. त्या लढाईत मियागींची पोटची मुलं गेली. जिनान शिंझातो हा ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो शिष्य गेला, आणि वर्षानुवर्षं जमवलेली टिपणंही गेली. त्यानंतर हा माणूस अंगणात चार पोरं घेऊन पुन्हा पहिल्या पावलापासून शिकवायला उभा राहिला. सर हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. मलाही मियागींची बाकी सगळी कीर्ती एका बाजूला आणि ते अंगण एका बाजूला वाटतं.

वर्गातली पहिली तीन वर्षं म्हणजे सानचिन. जुन्या मंडळींना नुसता शब्द ऐकून पोटऱ्या ताठ झाल्यासारखं वाटेल. नव्यांसाठी सांगते. सानचिन ही एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. पायांची बोटं किंचित आत, गुडघे एकमेकांकडे, माकडहाड खाली ओढून धरलेलं, कोपरं बरगड्यांपासून मुठीएवढ्या अंतरावर. तीन पावलं पुढे, मग मागे. प्रत्येक श्वास नाकातून बेंबीखाली उतरवायचा आणि घशातून आवाज करत सोडायचा. बघणाऱ्याला वाटतं माणूस काहीच करत नाही. करणाऱ्याचा घाम फरशीवर टपकतो.

मध्येच सर मागून येऊन खांद्यावर दोन्ही तळहात सपकन मारायचे, मांडीवर, पाठीवर. मारण्यापेक्षा तो चाचपण्याचा प्रकार होता. आप्पा मडकं वाजवून बघायचे तसाच. आम्ही तिघी मुली आलो तेव्हा सरांनी काकूंना वर्गात आणलं. त्या दाराशी बसून फुलवाती वळायच्या, आणि आमची सानचिन सुरू झाली की उठून यायच्या. खांदा कुठं सैल राहतो, दम कुठं अडकतो, हे सरांनी त्यांना घरी शिकवलं होतं. आमच्या खांद्यांवर सरांचा हात कधी पडला नाही, काकूंचा पडला. वातींच्या कापसाचा वास असलेला हात. १९८४ मध्ये कोल्हापुरात हे कुणी सांगितलं म्हणून झालेलं नव्हतं. त्या दोघांनी आपसात बसून ठरवलं होतं.

गाडग्यांचा नियम तुम्हाला आठवत असेल. दर शनिवारी एक ओंजळ वाळू, पंचगंगेची, चाळून घेतलेली. ओंजळ आपलीच हवी, दुसऱ्यानं भरायची नाही. ज्या आठवड्यात खांदे वर आले त्या आठवड्यात वाळू नाही. कधी कधी सर ओंजळभर काढूनही घ्यायचे आणि काही बोलायचे नाहीत.

आम्ही कंटाळायचो. त्या काळात सिनेमे बघून गावात जागोजाग कराटेचे वर्ग निघाले होते. तीन महिन्यांत पिवळा, सहा महिन्यांत हिरवा पट्टा मिळायचा. आमच्या कमरेला पांढराच. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, पुढचं कधी?"

"घाई कशाला करालास? पाय बघ आधी."

तिसऱ्या वर्षी मी वर्ग सोडला. आठ महिने दुसरीकडे गेले, तिथं तपकिरी पट्टाही मिळाला. तो बांधून मी स्पर्धेला उतरले. पहिल्याच फेरीत पोटात एक साधा गुद्दा बसला आणि माझा दम असा गेला की पंचांनी मला धरून बाजूला बसवलं. सानचिन सुटली होती, श्वास वर छातीत आला होता. दुसऱ्या सोमवारी पट्टा घरी ठेवून मी हॉलच्या दारात उभी राहिले. सरांनी मला रांगेत शेवटी उभं केलं. काकू वाती बाजूला ठेवून उठल्या. माझं गाडगं भिंतीशी होतं आणि त्यातली वाळू मी सोडून गेले तेवढीच होती. आठ महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

त्या रात्री सरांनी आम्हा मोठ्या मुलामुलींना बसवून मियागींचं सांगितलं. ते १४ वर्षांचे असताना, १९०२ मध्ये, कान्र्यो हिगाओन्ना यांच्याकडे गेले. हिगाओन्ना चीनमधल्या फूचौ इथं शिकून आलेले आणि फार कडक. गुरू वारल्यावर मियागी स्वतःही फूचौला जाऊन आले. त्यांनी सानचिनमधली वळणं काढून ती सरळ पुढे-मागे अशी आटोपशीर केली आणि तिच्या जोडीला उघड्या हातांची, मऊ अशी तेन्शो बांधली. १९४० च्या सुमारास शाळकरी मुलांना झेपेल अशी गेकिसाई रचली. आणि पट्टे? मियागींनी हयातीत कुणाला ब्लॅक बेल्ट दिलाच नाही. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, तोवर त्यांच्या अंगणात श्रेणी नावाची गोष्टच नव्हती.

पंथाला गोजू हे नाव कसं पडलं तेही त्याच रात्री ऐकलं. १९३० मध्ये टोकियोत शिंझातोंनी प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा कुणी तरी विचारलं, तुमचा पंथ कोणता? नाव नव्हतंच. वेळ मारून नेण्यासाठी त्यांनी काही तरी सांगितलं आणि परत आल्यावर गुरूंच्या कानावर घातलं. मग मियागींनी बुबिशी या जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळीतून शब्द घेतला. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. श्वास घेण्या-सोडण्यात दोन्ही आहेत असं ती ओळ सांगते. इथं सरांनी वही काढून आप्पांचं वाक्य वाचून दाखवलं, तारखेसकट. "हिच्या वडिलांनी मला हे माती तुडवताना सांगितलं," म्हणाले. घरी जाऊन मी आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मास्तरानी लिवून घेतलं व्हय."

सुपारिनपेई मी सरांकडून शेवटी शिकले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्या नावाचा अर्थ १०८. आपल्या जपमाळेचे मणीही तेवढेच, त्यामुळे काकूंना त्या काताचं फार अप्रूप होतं. मी ती करायला लागले की त्या वाती थांबवून बघायच्या.

सरांना ओकिनावाला जायचं होतं. दोनदा पैसे साठवले, एकदा हॉलच्या कौलांना लागले आणि एकदा एका मुलाच्या ऑपरेशनला. भिंतीवर मियागींचा फोटो होता, त्याला हार नसायचा, वंदन मात्र रोज. शेजारी आपला फोटो लावू द्या म्हणून आम्ही मागे लागलो तर ते चिडायचे. २०११ मध्ये सर गेले, त्यानंतर चार वर्षांनी काकू. आता महोत्सवात सरांचा फोटो लागणार आहे असं कळलं. लावा, सर आता चिडायला नाहीत. पण मग काकूंचाही त्याच मापाचा, त्याच उंचीवर लावा. आम्ही तिघी घडलो त्यात त्यांचा हात होता, आणि हे मी शब्दशः म्हणते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हॉलमध्ये कमरेपेक्षा जास्त पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही जुनी मुलं फावडी घेऊन गेलो. गुद्दे मारायची माकिवाराची फळी वाहून गेली होती, चिइशीचे दांडे कुजले. गाळात हात घालून गाडगी शोधली. बहुतेक फुटलेली. दोन धड सापडली, तळापासून काठापर्यंत नदीची वाळू गच्च भरलेली. मी त्यातलं एक सवयीनं काठाला धरून उचलायला गेले. हललं नाही. तिथंच चिखलात बसून मी ते रिकामं केलं, ओंजळी मोजत. बावीस भरल्या. सरांकडे असताना माझी मजल चौदापर्यंत गेली होती.

आता वर्गात दर तिमाहीला परीक्षा असते, पालकांना पट्टा लवकर हवा असतो, तो नाही मिळाला तर मुलं दुसरीकडे जातात. सध्या शिकवणाऱ्यांची अडचण मला समजते, मी स्वतःच गेले होते. तरीही हात जोडून सांगते, पहिली परीक्षा होण्याआधी प्रत्येक मुलामुलीच्या हातात वर्षभर गाडगं द्या. शनिवारची ओंजळ परत सुरू करा. सरांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत मला हीच सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिला खर्चही काही नाही.

गाडग्यांची काळजी करू नका. आप्पा आता नाहीत, पण दादाचा मुलगा चाकावर बसतो. त्याला मी हे जुनं दाखवलं, त्यानं काठाची जाडी सुताराच्या कंपासनं मोजून घेतली. पहिली दोन तडकली. पुढची सहा गेल्या मंगळवारपासून ओल्या गोणपाटाखाली सावलीत आहेत. महोत्सवाच्या सकाळी हातगाडीवरून घेऊन येतो आम्ही. वाळू मात्र आधीच भरून ठेवू नका.

(प्रवेश : जून १९८४)