जिजीचं ३८४ युनिटचं बिल

धुळ्याला थंडी पडते असं नाशिकला ऑफिसात सांगितलं की लोक हसतात. खान्देश म्हटलं की त्यांना भुसावळचं ऊन आठवतं. पण डिसेंबरात उत्तरेकडून वारं सुटलं की आमच्या धुळ्याचा पारा सात-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. आभाळ मोकळं, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर साठलेली ऊब अंधार पडला की तास-दोन तासांत उडून जाते. मे महिन्यात जी स्लॅब भट्टीसारखी तापते, तिच्याचखाली डिसेंबरात फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आजोबांचं गावाकडचं धाब्याचं घर होतं, मातीच्या जाड भिंतींचं. त्यात असं व्हायचं नाही. ते पाडून झालं, आता काय बोलायचं.

माझी आई, आम्ही तिला जिजी म्हणतो, धुळ्यातच देवपुरात एकटी राहते. वय ७८. साखर आहे, बीपीची गोळी आहे, बाकी खणखणीत. भाऊ सुरतला, मी नाशिकला. २०२४ च्या दिवाळीला भाऊ आला आणि तिच्यासाठी दोन रॉडचा हीटर ठेवून गेला. दुकानदारानं त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, “याला बिल कमी येतं.” जाताना भाऊ म्हणाला, “जिजी, वापर बिनधास्त. बिलाचं मी बघतो.”

जिजीनं वापरला. रात्री निजताना दोन तास, पहाटे उठल्यावर दोन तास, दोन्ही रॉड लावून. एरवी तिचं बिल ९०-९५ युनिटचं, म्हणजे आठशेच्या आत. डिसेंबरचं आलं ३८४ युनिटचं, पाच हजारांच्या वर. ते तिनं ना भावाला सांगितलं, ना मला. हीटर पलंगाखाली सरकवला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसे आणले आणि माळ्यावरची जुनी शेगडी काढली.

पुढचं मला शेजारच्या वहिनींनी फोनवर सांगितलं. सकाळी साडेसात वाजून गेले तरी दार उघडलं नाही म्हणून त्यांनी जोरजोरात कडी वाजवली. जिजीनं दार उघडलं, पण तिथेच भिंतीला धरून खाली बसली. डोकं ठणकतंय, मळमळतंय, डोळ्यांपुढे अंधारी. खोलीत दारं-खिडक्या बंद आणि मधोमध शेगडी. वहिनींनी आधी सगळी दारं सताड उघडली आणि तिला ओट्यावर मोकळ्या हवेत आणून बसवलं. मग रिक्षानं दवाखाना. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, दिवसभर ठेवून घेतलं. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो, ते झोपतोच. वहिनी त्या दिवशी गावाला गेल्या असत्या तर, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

दुपारची गाडी पकडून मी धुळ्याला पोचले. तीन-साडेतीन तास मनात नुसती भांडत होते, जिजीशी, भावाशी, स्वतःशी. घरी आले तर बाईसाहेब गोधडी पांघरून बसलेल्या आणि हातात ते बिल.

“तू बील दखं का? इतला पैसामा वरीसना गहू येस.”

मी चिडले होते, पण हिशोब तिचा चुकीचा नव्हता. एकट्या बाईला वर्षाला लागतो किती गहू?

चार दिवस रजा टाकली. घरात ज्याचं-त्याचं मत तयार होतं. भाऊ फोनवर म्हणाला मीटर बिघडलंय, तक्रार कर. वहिनींचं म्हणणं गिझर, तुमच्या जिजी रात्रभर चालू ठेवतात. समोरचे काका म्हणाले, शंभराच्या वर एक जरी युनिट गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं. मी बारावीला फिजिक्समध्ये जेमतेम पास झालेली. पण म्हटलं, मीटर दारातच आहे, त्यालाच विचारू.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० होतं. घरातलं सगळं बंद केलं आणि मोबाइलवर मिनिट लावून मीटरसमोर उभी राहिले. दोन मिनिटांत एकदा लुकलुकला, तो टीव्हीचा सेटटॉप बॉक्स. म्हणजे कुठे गळती नाही. फ्रिज लावला, मिनिटाला सहा. मग हीटर, दोन्ही रॉड. दिवा असा धावायला लागला की मोजणं मुश्कील. मी पेन्सिलीनं वहीवर नुसते ठिपके मारत गेले आणि नंतर मोजले, १०६ भरले. हे एका मिनिटाचे, साठनं गुणून ३२०० नं भागलं की तासाला दोन युनिट. रोज चार तास म्हणजे आठ, महिन्याला २४०. मीटर बिचारं खरं बोलत होतं.

गिझरचीही परीक्षा घेतली, वहिनींच्या समाधानासाठी. पाणी तापवून घेतलं, फ्रिजसकट बाकी सगळं बंद केलं आणि रात्री दहा ते सकाळी सहा फक्त गिझर चालू. पाणी कोणी वापरायचं नाही. सकाळी रीडिंग पुढे गेलं होतं ०.६ नं. अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. वाया जातंय हे खरं, पण पाच हजारांचा चोर तो नव्हे.

काकांचा मुद्दा मात्र कागदावर मांडून त्यांना दाखवला. टप्पे असतात हे बरोबर, पण महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालची आपल्या जागी स्वस्तच राहतात. महावितरणचे घरगुती दर २०२४-२५ ला असे होते: पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटामागे वहन आकार १ रुपया १७ पैसे, महिन्याचा स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, तुम्ही वाचाल तेव्हा आपल्या बिलाच्या मागची बाजू बघा. पण त्या वर्षीचा माझा हिशोब असा निघाला, की शुल्क धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट सात रुपयांच्या आत पडतं, दुसऱ्यातलं तेराला आणि तिसऱ्यातलं अठराला. तिसऱ्या टप्प्यात शिरल्यावर जिजीचा हीटर तासाला ३६ रुपये खात होता. युनिटं चौपट आणि बिल सहापटीच्याही वर, ते यामुळे. आणि उलटीकडूनही तेच खरं, वरची युनिटं कापली की बिल धाडकन उतरतं.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली, ती पैशांहून वाईट. हीटरची पिन काढली तर ती एका बाजूनं तपकिरी झालेली, आणि एक्स्टेंशन बॉक्सचं प्लॅस्टिक बोटभर वितळून पिनेच्या आकाराचा खड्डा पडलेला. नाकाशी नेला तर जळका वास. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, आणि तो लावला होता मोबाइल चार्जरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून. जिजी म्हणाली, “वास येत होता थोडा, मला वाटलं नवा आहे म्हणून.” त्याच दिवशी वायरमन बोलावला. भिंतीत १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला जाड वायर, अर्थिंग तपासणी आणि मेनजवळ शॉक लागला तर वीज तोडणारा आरसीसीबी. यात जो खर्च झाला त्याची घासाघीस मी केली नाही.

मग खरा प्रश्न, की हीटर कमी लावून ती उबदार राहणार कशी. दुसरा ‘कमी बिलाचा’ हीटर आणायचा नाही हे ठरलं. एक युनिट विजेतून रॉडचा असो, कॉइलचा असो की ब्लोअर, ऊब तेवढीच निघते. फरक एवढाच की रॉडवाला समोरच्या माणसाला शेकतो आणि ब्लोअर हवा तापवतो. आमच्या बैठकीच्या खोलीत वर दोन झरोके, उन्हाळ्यासाठी मुद्दाम ठेवलेले. तापलेली हवा तिथून थेट पांझरा नदीवर. जिजी झोपत होती त्याच खोलीत. म्हणजे आठ युनिटांनी ती अर्धं देवपूर तापवत होती म्हणायचं. भाच्यानं गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी सुचवला. तेवढ्याच विजेत तो दोन-तीन पट ऊब देतो हे खरं, पण वर्षातल्या दीड महिन्यासाठी एवढा पैसा घालणं मला पटलं नाही. छतावर सोलर बसवायचं भावाच्या डोक्यात होतं, सरकारचं अनुदानही आहे. पण एरवी शंभर युनिटांच्या आत बिल येणाऱ्या घराला त्याची घाई काय?

पलंग मधल्या दहा बाय दहाच्या खोलीत हलवला. तिला एकच खिडकी आणि पश्चिमेची भिंत, दुपारभर ऊन खाणारी. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावला तर कोमट लागते. दाराखालच्या फटीत जुन्या साडीची घट्ट वळकटी केली. पलंगापासून न्हाणीपर्यंत सतरंजी टाकली, पण कडा चिकटपट्टीनं पक्क्या करून. थंडी वाचवायला जावं आणि पाय अडकून खुबा मोडावा, असं नको. गादीवर एक गोधडी खाली, दोन वर. वर थर चढवतो आपण, पण खालून गादीही गार असते हे माझ्याही लक्षात कधी आलं नव्हतं.

आणि एक विजेची चादर आणली, गादीवर अंथरायची, ८० वॅटची. इथे जिजी अडून बसली.

“अंथरुणमा करंट? माले मारी टाकस का काय?”

तिची भीती अगदीच वेडगळ नव्हती. साखरेमुळे तिच्या पायांना चटका पटकन कळत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी मी त्याच कारणानं बाद केली होती, मागे एकदा घोट्याला फोड आला होता. शेवटी असा तह झाला: निजायच्या आधी तासभर चादर लावायची, आणि पलंगावर बसण्यापूर्वी पिन भिंतीतून काढून तिच्या नजरेसमोर उशाशी ठेवायची. अंथरूण तापलेलं मिळतं, करंट बाहेर. खर्च दशांश युनिटाच्याही आत. पहिल्या रात्री तिनं पिन दोनदा उचलून पाहिली. सकाळी विचारलं तर म्हणाली, “बरी शे.” जिजीच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे पदक.

हीटर ठेवला, काढून नाही टाकला. म्हाताऱ्या माणसाला थंडी उशिरा कळते, बचतीच्या नादात ती कुडकुडत बसली तर पुन्हा शेगडी निघेल. एक रॉड, पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक, पलंगापासून चार पावलांवर, गोधडीचा पदर लांब. कोळशाची पिशवी मी इस्त्रीवाल्याला परत दिली आणि त्याला सांगून ठेवलं, आजींना कोळसा द्यायचा नाही. शेगडी नाशिकला घेऊन आले.

आंघोळीवरून मात्र मोठं राजकारण झालं. तिची आंघोळ पहाटे पाचला, देवपूजेसाठी. मी म्हटलं अकराला कर, गच्चीवरची काळी टाकी तोवर उन्हानं तापते. हिशोबानं यात महिन्याला पाच-सहा युनिटंच वाचतात, पण पहाटेच्या गारठ्यात ओल्या अंगानं न्हाणीतून खोलीपर्यंत येणं टळतं, मला ते हवं होतं. ती म्हणाली, बिनआंघोळीचं देवाला हात लावू? दोन दिवस अबोला. मग तिनंच तोडगा काढला: पहाटे हात-पाय-तोंड धुऊन दिवा लावायचा, पूजा अकराला, आणि एकादशीला मी मध्ये बोलायचं नाही. गिझरचा काटा मधोमध आणला आणि बटणावर लाल टिकली चिकटवली. आंघोळीआधी वीस मिनिटं चालू, नंतर टिकली दिसली की बंद.

निघताना तिच्या हातात वही दिली. रोज सकाळी मीटरचं रीडिंग लिहायचं आणि मला फोनवर सांगायचं. मला वाटलं आठवडाभर टिकेल. पण जिजीनं आयुष्यभर दूधवाल्याचा हिशोब कॅलेंडरवर मांडलेला, तिला हा खेळ आवडला. काल तीन झाले, परवा साडेपाच, पाहुणे होते. एकदा सहा झाले तर मी काही विचारायच्या आधीच कारण पुढे आलं. मी तिला एकच सांगून ठेवलंय, रोजचे सहा झाले तरी चालतील, हीटर बंद करायचा नाही.

जानेवारीचं बिल १७१ युनिटचं, सतराशे ऐंशी रुपये. भावानं डिसेंबरचं भरलं, जानेवारीचं भरायला जिजीनं त्याला साफ नकार दिला. हीटर फेब्रुवारीत खोक्यात गेला.

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात रीडिंग सांगून झाल्यावर तिनं फोन ठेवला नाही. मागे पंख्याचा आवाज येत होता.

“कूलरले कितला युनिट लागतस?”