जुलैतली सायकल

सायकल घ्यायला माणसं बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात. हवेत थोडा गारवा असतो, पोट कमी करायचा संकल्प ताजा असतो, आणि रविवारी पहाटे ठाण्यात येऊरच्या चढावर दिसणारी हेल्मेटवाली मंडळी डोळ्यांसमोर असतात. दुकानात शिरल्यावर जो तो दोन गोष्टी करतो. हँडलवर भार टाकून पुढचं शॉकअप दोनदा दाबतो आणि मग दांडा धरून सायकल एका हाताने उचलून बघतो. ‘गिअर किती?’ ‘एकवीस.’ मान डोलते. हिला मडगार्ड बसतील का, असं विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. तेही विचारताना जरा ओशाळतं, कारण मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड लावला की सायकल काकांची दिसायला लागते.

कामावर जायची सायकल काकांचीच असावी. जुलैतला एखादा मंगळवार धरा. सकाळचे सव्वाआठ, माजिवड्याच्या पुलाखाली घोटाभर पाणी, उजव्या अंगाला टीएमटीची बस, मागे कॅरिअरवर लॅपटॉप आणि डबा. त्या दिवशी जी धड पोचवेल ती सायकल खरी. जानेवारीत सगळ्याच सायकली चांगल्या चालतात.

म्हणून आधी सायकल बघू नये, रस्ता बघावा. वागळे इस्टेटला स्टेशनकडून जाणाऱ्याचा प्रवास जेमतेम तीन-चार किलोमीटरचा, पण सिग्नल, रिक्षा आणि पेव्हर ब्लॉक यांनी भरलेला. कासारवडवलीहून माजिवड्याकडे येणाऱ्याला घोडबंदर रोडवर लांब सरळ पट्टे आणि शेजारून जाणारे कंटेनर. नवी मुंबईत मात्र शहर वसवणाऱ्या सिडकोने सेक्टर पाडून ठेवल्यामुळे ठाणे-बेलापूर रोडला न लागता आतल्या रस्त्यांनी बरंच अंतर कापता येतं. दोन किलोमीटर जास्त पडले तरी तोच रस्ता धरावा. सपाटीवर, सिग्नल धरून, ऑफिसच्या कपड्यांत ताशी पंधरा किलोमीटरचा वेग सहज पडतो. म्हणजे आठ किलोमीटरला अर्धा तास. स्टेशनची पायपीट, गाडीची वाट आणि शेअर रिक्षाची रांग यांची बेरीज एकदा करून बघा, बऱ्याच जणांची त्याहून जास्त भरते.

रस्ता कळला की टायरची रुंदी ठरते, आणि टायर हाच या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. रेसरसारखे २५-२८ मिलिमीटरचे टायर इथे नकोत. काँक्रीटची लेन आणि कडेचा डांबरी पट्टा यांच्यामध्ये एक लांबलचक फट असते, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या कधी कधी रस्त्याच्याच दिशेने बसवलेल्या असतात. बारीक चाक त्यात अलगद उतरतं आणि हँडल वळेनासं होतं. दुसऱ्या टोकाला माउंटन बाइकचे दोन इंची, गुठळ्या-गुठळ्यांचे टायर. ते काँक्रीटवर भुंग्यासारखे गुणगुणतात आणि प्रत्येक पेडलमागे थोडी थोडी ताकद खातात. मधला रस्ता म्हणजे ७०० बाय ३५ ते ३८चा (७०० हे चाकाचं माप, ३५-३८ ही मिलिमीटरमधली रुंदी), जवळजवळ गुळगुळीत टायर. गुळगुळीत टायर पावसात घसरतो ही समजूत मोटारीवरून आलेली आहे. सायकलच्या वेगाला आणि अरुंद टायरला पाण्यावर तरंगणं जमत नाही; घसरवतात ते पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, आणि त्यांच्यापुढे गुठळ्यांचंही काही चालत नाही.

हवेचंही तसंच. सत्तर किलोच्या माणसाला ३८च्या टायरमध्ये पुढे ५० आणि मागे ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. टायरच्या अंगावर कमाल-किमान आकडे छापलेले असतात, त्यांच्या मध्ये राहायचं. हवा कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. असं पंक्चर दिसलं की खिळा शोधत बसू नये, दोष पंपाचा आळस करणाऱ्याचा. आणखी एक गोष्ट घेतानाच बघावी, ती म्हणजे व्हॉल्व्ह. स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असला की रस्त्यावरचा कुठलाही पंक्चरवाला हवा भरू शकतो. बारीक, पितळी टोकाच्या व्हॉल्व्हला त्याच्याकडे नळी नसते. फक्त त्याच्या कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवावं. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते आणि एक क्षण जास्त दाबलं की फटाका वाजतो.

आता गिअर. एकवीस हा आकडा तीन गुणिले सात असा आलेला, आणि त्यातले बरेचसे गिअर एकमेकांच्या इतके जवळ की पायाला फरक कळत नाही. हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्याचे दात, गुणिले चाकाचा परीघ. समजा पुढे ३८ दात आणि मागे १९. पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरलं. ३८च्या टायरचा परीघ साधारण २.१८ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला ४.३६ मीटर. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर ताशी सव्वाअठरा किलोमीटर. ठाण्या-वाशीतलं निम्मं आयुष्य या एका गिअरमध्ये निघतं. बाकीचे लागतात ते कोपरी पुलाच्या चढाला, पारसिकच्या टेकडीकडे चढताना आणि वाऱ्यासाठी. पुढे एकच चक्र आणि मागे सात किंवा आठ, हे भरपूर झालं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो तो डिरेलर; पुढचा नसला की एक केबल, एक लिव्हर आणि चेन पडण्याची निम्मी कारणं कमी होतात. तुमचा रस्ता पूर्ण सपाट असेल तर बिनगिअरचीही चालेल. तिला बिघडायला फारसं काही नसतंच.

गिअरवाली घेतलीत तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गिअर खडखडायला लागतील. घाबरू नये. नवी केबल ताणली जाते आणि तिचं बाहेरचं कव्हर आपापल्या जागी बसतं, त्यामुळे चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरते. मागच्या डिरेलरपाशी केबल जिथे शिरते तिथे एक छोटा खाचा असलेला गोल स्क्रू असतो. तो मागून बघताना डाव्या बाजूला पाव फेरा फिरवायचा, गिअर बदलून बघायचा, गरज पडली तर आणखी पाव. एवढंच. शेजारच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावायचा नाही. ते चेनला दोन्ही टोकांना थांबवतात, आणि चुकीचा फिरला तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो.

शॉकअपविषयी थोडक्यात. स्वस्त सायकलवरचं शॉकअप दोन किलोच्या आसपास वजन वाढवतं, चढावर उभं राहून पेडल मारलं की आपल्यालाच झोके देतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात खाडीच्या खाऱ्या हवेने आतून गंजून एक जाड, जड दांडा होऊन बसतं. पुढचं चाक धरणारा ताठ फोर्क आणि रुंद टायर बरा.

ब्रेकबद्दल मतं टोकाची असतात. जुन्या चालीच्या चकचकीत स्टीलच्या रिमवर पाऊस पडला की रबर नुसतं सरकतं, तेवढ्या टाळाव्यात. ॲल्युमिनियमच्या रिमवरचे व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबराने धरणारे, पावसात पहिला काही वेळ पाणी पुसण्यात घालवतात आणि मग धरतात. तो वेळ हिशेबात घेऊन ब्रेक आधी दाबायचा. रेती मात्र त्या रबरात रुतून बसते आणि रिम तासत राहते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा रबरं बघून चमकणारे कण टाचणीने उकरून काढावेत, रबरावरच्या खाचा पुसल्या की जोडी बदलावी. केबलचा डिस्क ब्रेक पावसात नक्कीच चांगला. अट एवढीच, की त्याचे पॅड गल्लीतल्या दुकानात मिळायला हवेत, आणि चेनला तेल देताना एक थेंबही डिस्कवर उडता कामा नये. उडाला तर ती सायकल पुढचा महिनाभर मोरासारखी केकाटते.

मडगार्डकडे परत येऊ. सीटखाली खोचायची प्लॅस्टिकची शेपटी मिळते, ती फक्त पाठीवरचा चिखलाचा पट्टा वाचवते. बूट, पॅन्टचे पाय आणि पेडलच्या मधला बेअरिंगचा भाग भिजवतं ते पुढचं चाक. त्यामुळे पूर्ण लांबीचे, दोन्ही चाकांना, टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद. ३८च्या टायरला ४५ ते ५०. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची झालर, जमिनीपासून चार बोटं वर. ही झालर जुन्या ट्यूबमधून कापून दोन नट-बोल्टने घरी बसवता येते आणि विकतच्यापेक्षा टिकते. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर अंतर हवं, नाहीतर ओली माती आत अडकून चाकच आवळते. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालायला विसरू नये, पेव्हर ब्लॉकची थरथर बोल्ट हमखास सोडवते. आणि हे सगळं बसायला फ्रेमवर, मागच्या आसाजवळ आणि फोर्कवर, आटे पाडलेली भोकं हवीत. दुकानात गिअर मोजण्यापेक्षा ही भोकं मोजा. मागे प्रत्येक बाजूला दोन असतील तर उत्तम, एक मडगार्डला आणि एक कॅरिअरला.

कॅरिअर हवंच, कारण आपल्या हवेत पाठीवर सॅक घेऊन दहा मिनिटं पेडल मारलं की शर्टावर सॅकचा नकाशा उमटतो. कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग घ्यावी आणि दुकानातच लावून पेडल उलटं फिरवून बघावं, टाच बॅगला लागते का ते. लागत असेल तर बॅग मागे सरकवायची. बॅगवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी लॅपटॉप आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून. त्याच्या तळाशी फोमचा तुकडा, कारण मार बसतो तो खालच्या कोपऱ्याला. डबा झाकणाला रबरी रिंग आणि क्लिप असलेला. तीन ताळी स्टीलचा डबा घरी कितीही लाडका असो, पाम बीच रोडवरच्या कडकडणाऱ्या पट्ट्यांवरून तो गेला की आमटी बाहेर येणारच. ती आली की बॅगेतून हिंगाचा वास जायला पंधरवडा लागतो.

सीटची उंची बसून, भिंतीला टेकून ठरवावी. पेडल सर्वांत खाली, त्यावर टाच, पाय सरळ. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक येतो. बहुतेकांची सीट फार खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेसे वाटतात, आणि मग दोन महिन्यांनी गुडघा पुढून दुखतो म्हणून सायकललाच दोष. सीटच्या नळीवर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. वर्षातून एकदा ती नळी काढून ग्रीस लावावं. खारी हवा आणि पाऊस मिळून तिला फ्रेममध्ये असं चिकटवतात की पुढे हातोड्यालाही ऐकत नाही.

मागचा लाल दिवा बॅगला लावू नये, बॅग झुकली की तो जमिनीकडे बघतो. कॅरिअरला लावावा, आणि पावसात दिवसाही चालू ठेवावा. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं. घंटी ट्रकसाठी नसते, ती कानात इअरफोन घालून चालणाऱ्यांसाठी असते.

पंक्चरचं सामान म्हणजे एक जादा ट्यूब, प्लॅस्टिकचे दोन लिव्हर, छोटा पंप आणि चाकाला नट असतील तर १५ नंबरचा पान्हा. चिकटवण्याचं काम घरी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं सगळीकडे फिरवायचं. जिथे अडकेल तिथे बहुतेक वेळा केसाएवढी बारीक तार निघते. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या पोलादी तारा रस्त्यावर पडतात, आणि त्या कडेला गोळा होतात, म्हणजे जिथून सायकल जाते नेमकं तिथेच. तार न काढता ट्यूब बदलली तर पुढच्या सिग्नलला तेच.

चेन मोजायला साधी फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. चोवीस घरं मोजली की बारा इंचांवर बरोबर पिनचा मध्य यायला हवा. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकला असेल तर चेन बदला. पूर्ण सूत सरकेपर्यंत थांबलात तर मागची चक्रंही तिच्याबरोबर गेली, नवी चेन जुन्या दातांवर उड्या मारते. तेल खोबरेल नको, ते घट्ट होतं. इंजिन ऑइल नको, ते धूळ गोळा करतं. सायकलच्या चेनचं तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, मग पेडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाकायचं. पुसणं लोक विसरतात आणि मग पॅन्टची उजवी बाजू काळी होते. जुलैत भिजून आल्यावर चेन रोज पुसावी, तेल आठवड्याला. आणि मोटारसायकल धुणाऱ्याकडे सायकल नेऊ नये. त्याचं जोराचं पाणी छऱ्यांमधलं ग्रीस बाहेर काढतं. बादली आणि प्लॅस्टिकचा मग पुरे.

वाऱ्याची गोष्ट राहिली. बेलापूरहून वाशीला पाम बीचने संध्याकाळी परतणाऱ्यांना उन्हाळ्यात समुद्राकडचा वारा बराचसा समोरून येतो. सकाळी ज्या गिअरमध्ये शीळ घालत गेलात, त्याच्यापेक्षा दोन हलके गिअर लावून डोकं खाली घालायचं. तेवढ्यासाठी सायकल बदलायला जाऊ नये.

राहता राहिले कपडे. सोमवारी पाच शर्ट ऑफिसात नेऊन टांगायचे, शुक्रवारी परत. ओला पंचा आणि कोरडा पंचा, दहा मिनिटं पंख्याखाली, मग शर्ट. पावसात बुटांऐवजी पट्ट्यांची सँडल, बूट ऑफिसच्या टेबलाखाली. रेनकोटच्या आत माणूस घामाने तितकाच भिजतो, तेव्हा वारा खेळेल असा कोट किंवा सरळ भिजणं.

आणि सायकल ठेवायची कुठे? ऑफिसच्या तळघरात ‘टू-व्हीलर’ची पाटी असते, पण तिथला वॉचमन सायकलला टू-व्हीलर मानेलच असं नाही. बाहेर कुंपणाला बांधायची तर फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरणारं यू-लॉक हवं, आणि हाताने सुटणारी चाकाची लिव्हर काढून एलन कीचा (षटकोनी किल्लीने फिरणारा) बोल्ट बसवायला हवा. त्यापेक्षा जिन्याखाली बहुधा झाडूंच्या शेजारी एक कोपरा मोकळा असतो. दुकानात जाण्याच्या आदल्या आठवड्यात, चहाच्या वेळेला, खाली उतरून वॉचमनकाकांना त्या कोपऱ्याबद्दल विचारून घ्या.