बाचीची शाखा आणि भूतानची वकिलात

मुलीची बंगळूरच्या हॉस्टेलमधली रूममेट यंदा गणपतीला आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरी आली होती. भूतानची पोरगी. कुंद्याची वाटी तिच्या हातात देत शेजारच्या मामांनी विचारलं, "तुमची अमेरिकेतली वकिलात वॉशिंग्टनातच असेल की?"

"नाही आहे," ती म्हणाली. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. सुरक्षा समितीतल्या या पाचही बड्यांशी भूतानचे औपचारिक राजनैतिक संबंधच नाहीत. दूतावास आहेत ते दिल्ली, ढाका, बँकॉक, कुवेत, ब्रसेल्स आणि २०२१ पासून कॅनबेरात.

मामांना कुवेत पटेना. मला मात्र आमच्या पतसंस्थेची एक जुनी मीटिंग आठवली. तिसरी शाखा काढायची होती. अर्धे संचालक टिळकवाडीवर अडून बसले. मोठ्या बँकांच्या रांगेत आपलीही पाटी दिसावी, एवढंच. एकाचं म्हणणं शिनोळी. पण शिनोळी महाराष्ट्रात, आमची नोंदणी कर्नाटकातली, बहुराज्य परवाना कुठला आणायचा? शेवटी मी सभासद रजिस्टर काढून लाल पेन्सिलीनं गावं टिपत गेलो. उचगाव, तुरमुरी, बाची, कुद्रेमानी. पानंच्या पानं लाल झाली. शाखा बाचीला निघाली.

भूताननंही असंच रजिस्टर काढलं असणार. २०१७ च्या जनगणनेत तिथं ७ लाख २७ हजार माणसं. आमच्या बेळगाव जिल्ह्यात तसे सहा भूतान मावतील. परराष्ट्र धोरणात भारताच्या सल्ल्यानं चालायचं हे १९४९ च्या कराराचं कलम २००७ मध्ये बदललं, म्हणून काही लगेच जगभर पाट्या लागल्या नाहीत. दूतावास म्हणजे परकी चलनात भाडं, राजदूताचा बंगला, ड्रायव्हर, आणि मुळात पाठवायला माणूस हवा. ढाक्याला भूतानची संत्री जातात, नदीतले दगड जातात. ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेली पोरं तर इतकी, की आमच्या पाहुणीच्या दोन मावसबहिणी पर्थला आहेत.

बाकी ठिकाणी? १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे एकाच राजदूताला अनेक देश सांभाळता येतात. आमचा बाचीचा मॅनेजर नाही का गुरुवारी पावतीपुस्तकं पिशवीत घालून कुद्रेमानीच्या देवळात बसायचा! आणि जिथं तेवढंही जमत नाही, तिथं मानद वाणिज्यदूत. तिथलाच कुणी प्रतिष्ठित माणूस, आपला धंदा सांभाळून तुमचं काम बघणारा. थोडक्यात पिग्मी एजंट. पण आमच्या पिग्मी एजंटाला कमिशन तरी मिळायचं. यांना बहुतेक वेळा मानच.

हे सगळं मी मामांना रंगवून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, कुंद्याचा शेवटचा घास खाल्ला आणि म्हणाले, "ते खरं हो. पण वॉशिंग्टनात एक पाहिजे होती की."