स्ट्रॅथनेव्हर 1:700 : तिन्ही फनेल बसले, राखाडी रंग दोनदा मारावा लागला

मंडळी, स्ट्रॅथनेव्हर या जुन्या प्रवासी बोटीचं 1:700 स्केलचं (मूळ लांबीच्या सातशेव्या भागाएवढं) मॉडेल बनवतोय, त्याचं दीड महिन्याने अपडेट टाकतोय. हल (बोटीचा मुख्य सांगाडा) आणि वरचे डेक झालेत आणि काल रात्री तिन्ही फनेल, म्हणजे धुराडी, एकदाचे सरळ रेषेत बसले. या स्केलला अख्खी बोट 29 सेंटीमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे एका फनेलचा कल अर्धा मिलिमीटर जरी चुकला तरी लगेच डोळ्यात खुपतं.

फनेलवर एवढा जीव का टाकतोय ते सांगतो. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची ही बोट 1931 ची, पांढरा हल आणि तीन पिवळसर फनेल, पण धूर यायचा फक्त मधल्यातून, पुढचा आणि मागचा नुसता दिखाऊ, कारण जास्त धुराडी म्हणजे मोठी आणि वेगवान बोट असं तेव्हा लोकांच्या डोक्यात बसलेलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर दुरुस्तीत ते दोन्ही खोटे फनेल काढूनच टाकले. तिच्याच नमुन्याच्या बहीण-बोटीचं, स्ट्रॅथएअर्डचंही तेच झालं. म्हणजे तीन फनेल अधिक राखाडी रंग हे रूप फक्त युद्धातल्या त्या काही वर्षांचं, आणि मला तेच करायचंय. मुंबईला येणारी पांढरी बोट सगळेच करतात, सैनिक वाहणारी कोणी करत नाही.

राखाडीने मात्र दमवलं. पावसाळी हवेत एअरब्रश चालवला आणि सकाळी बघतो तर रंगावर पांढुरकी झाक, शिवाय पोर्टहोल (बोटीच्या गोल खिडक्या) रंगाने बुजलेले. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं हळूहळू उतरवलं, 0.4 चं ड्रिल हातात धरून एकेक पोर्टहोल परत उघडला, तीन रात्री गेल्या. आता कोरडा दिवस बघूनच हात लावतो, बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा.

पी अँड ओ च्या ‘स्ट्रॅथ’ने नाव सुरू होणाऱ्या पाच बोटींपैकी स्ट्रॅथॅलन तेवढी युद्धातून परत आली नाही. डिसेंबर 1942 मध्ये अल्जेरियातल्या ओरानजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, दुसऱ्या दिवशी ती बुडाली. फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट त्याच बोटीवर होत्या आणि लाइफबोटीतून वाचल्या. गांधीजींचा चरख्याजवळचा तो प्रसिद्ध फोटो त्यांनीच 1946 ला काढला, हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. स्ट्रॅथनेव्हर मात्र सगळं निभावून परत प्रवासी घेऊन फिरली आणि 1962 ला हाँगकाँगला भंगारात गेली.

आता मागची तोफ, राफ्ट आणि लाइफबोटी बाकी आहेत. रविवारी हवा कोरडी असली तर धुराच्या काजळीसारखा काळा रंग देणार, पण फक्त मधल्या फनेलच्या तोंडाला, आणि थोडी मागच्याच्या पुढच्या अंगाला, कारण मधल्याचा धूर चालत्या बोटीत तिकडेच जाणार. पुढचा फनेल स्वच्छच ठेवतोय.