कुरळे केस, सकाळची ट्रान्सहार्बर आणि वाटीभर जवस

कुरळ्या केसांचं यूट्यूबवर जे जे सांगतात ते सगळं करायला बसलं ना तर कॉलेज सोडावं लागेल. आधी तेल, मग शाम्पू, मग डीप कंडिशनिंग, मग लीव्ह-इन (न धुता ठेवायचं कंडिशनर), मग क्रीम, मग जेल, मग ड्रायरला लावायचा डिफ्यूझर, आणि व्हिडिओतली ती बाई हे सगळं आरामात कॉफी पीत करतेय. इथे मला सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल पकडायची असते, दहा नंबर प्लॅटफॉर्मपर्यंत पूल चढून उतरून धावत, नेरूळला पहिलं लेक्चर, अटेंडन्स कमी पडली तर एचओडींसमोर आईबाबांना उभं करायचं. त्यात केसांना कुठून वेळ देणार?

म्हणून माझा नियम एकच, सकाळी केसांना पाणी नाही आणि फणी तर अजिबात नाही. जे काय करायचं ते आदल्या संध्याकाळी, केस ओले असताना, आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवसांत त्यांच्या वाटेला जायचं नाही.

हे आळशीपणातून आलंय असं आई म्हणते (थोडं आहेच) पण त्याला कारणही आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, आणि त्यातले हायड्रोजन बाँड, म्हणजे कच्चे जोड, पाण्याने सुटतात आणि वाळताना परत जुळतात. म्हणजे केस वाळताना ज्या आकारात असतील तोच आकार बसतो. वाळल्यावर फणी घातली की कुरळ सुटून नुसता पिंजारलेला कापूस होतो, मग कितीही जेल थापा, काही होत नाही. आणि आपल्याकडे जूनपासून हवेतच इतकं पाणी असतं की ते बाँड दिवसभर सुटत-जुळत राहतात. कोरड्या हवेच्या देशातल्या बाईचे केस संध्याकाळपर्यंत तसेच राहतात आणि आपले तुर्भे येईपर्यंत फुगतात, त्यात आपली काही चूक नाही.

तर संध्याकाळी काय करते. शाम्पू फक्त टाळूला लावते, खालच्या केसांना जो फेस उतरतो तेवढा बास. मग कंडिशनर भरपूर, हात राखून नाही, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर गुंता सोडवायचा. मुळापासून खाली ओढत आणलं तर सगळे गुंते एकत्र होऊन खाली गाठ बसते आणि मग ती तोडावीच लागते. कुरळ्या केसात टाळूचं तेल टोकापर्यंत घसरत जात नाही, वाटेत इतकी वळणं आहेत ना, म्हणून टोकं कायम कोरडी, म्हणून कंडिशनर. मग थोडं पाणी निथळू द्यायचं आणि ओल्याच केसांना जेल लावून मुठीत धरून वर दाबायचं, आणि पंचाने टिपायचं. हो पंचा, बाबांचा. मायक्रोफायबर टॉवेल ऑनलाइन केवढ्याला विकतात बघा एकदा, पंचा तेच काम करतो, पातळ सुती आणि खरखरीत नाही. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं मात्र बंद.

मग पंख्याखाली बसून जर्नल लिहायचं. जर्नल कंप्लीट होतं, केस वाळतात. पूर्ण वाळल्याशिवाय झोपत नाही, ओलं डोकं उशीवर दाबून झोपलं की सकाळी एक बाजू चपटी. झोपताना केस डोक्यावर वरच्या वर स्क्रंचीने सैल बांधायचे आणि उशीला सॅटिनचा अभ्रा, आईच्या जुन्या ओढणीचा शिवलाय, कारण सुती अभ्र्यावर केस घासले जातात.

आता जेल. विकतचं जेल चांगलं असतं पण संपतं फार लवकर, म्हणून जवस. तेच, चटणीचं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, सालीतला चिकट पदार्थ पाण्यात उतरतो आणि चमच्यावरून तार सुटायला लागली की लगेच गॅस बंद. लगेच म्हणजे लगेचच, आणि गरम असतानाच गाळायचं, गार झालं की गाळण्यातून एक थेंब खाली येणार नाही, तसं पातेलं घासायला आपल्यालाच लागतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझ करा, फक्त घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे भावाने ते सरबतात घातलं होतं.

पाण्याचं पण बघा. नेहमीच्या नळाच्या पाण्याला मला काही प्रॉब्लेम येत नाही, पण पाण्याच्या शटडाऊनच्या दिवशी सोसायटीत टँकर येतो किंवा बोअरचं पाणी सोडतात तेव्हा केस धुतले की लगेच कळतं, राठ आणि चिकट दोन्ही एकदम. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाला फेस येत नसेल तर त्या दिवशी धुऊच नका, पुढे ढकला. आणि तुमच्याकडे कायमच जड पाणी असेल तर मधूनमधून असा शाम्पू वापरा ज्याच्या लेबलवर ईडीटीए लिहिलंय, ते हे क्षार धरून काढतं. आरओचं जे वेस्ट पाणी बादलीत साठवतो त्याने तर केस अजिबात धुऊ नका, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

तेलावरून आमच्या घरी दर रविवारी वाद. आईचं म्हणणं रोज चापूनचोपून तेल लावून वेणी घाल, मोकळे सोडून झिंज्या काय मिरवतेस. मी आता अर्धं ऐकते. खोबरेल तेल खरंच केसाच्या आत शिरतं, त्यात लॉरिक ॲसिड असतं म्हणून. 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली होती, त्यात केसातलं प्रोटीन वाया जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. (अभ्यास करणारे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, तेवढं लक्षात ठेवा.) म्हणून धुण्याआधी तासभर तेल, आईच्या हातचं, डोकं तिच्या मांडीवर, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण कोंडा असेल तर नको, कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते, तेव्हा बुरशी मारणारा केटोकोनॅझोलवाला शाम्पू, तो डॉक्टरांना किंवा निदान केमिस्टला विचारून.

हे जे सगळे रूटीन नेटवर फिरतात ना, सॅटिनमध्ये केस गुंडाळून झोपणं, ओल्या केसांवर लीव्ह-इन मग तेल मग क्रीम असे थर, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या काळ्या मुलींनी आणि बायकांनी स्वतःच्या केसांसाठी शोधून एकमेकींना शिकवलेलं आहे. त्यांचे केस आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट वळणांचे, त्यांना ते जड तेलं-क्रीमं पेलतात, आपल्या सैल कुरळांवर दोन थरांत केस तेलकट होऊन लोंबायला लागतात. तिकडे तर नैसर्गिक केसांवरून शाळेत आणि नोकरीत त्रास देतात म्हणून कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा केला. हे वाचलं तेव्हा मला आमचं प्लेसमेंट ट्रेनिंग आठवलं, ट्रेनर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की इंटरव्ह्यूला येताना केस ‘प्रेझेंटेबल’ करून या, आणि बघत माझ्याकडे होत्या. अहो मॅडम, हे प्रेझेंटेबलच आहेत, कालच धुतलेत.

मग स्मूदनिंग करून टाक असं पार्लरवाली ताई म्हणतेच. रीबाँडिंगमध्ये केसातले पक्के डायसल्फाइड बाँड तोडतात, ते पाण्याने परत येत नाहीत, पण मुळातून नवे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि ते कुरळेच येतात. म्हणजे वर्षभराने वर कुरळे, खाली सरळ, परत पैसे भरा. स्टुडंटच्या बजेटमध्ये हे बसत नाही. आणि केराटिन ट्रीटमेंटच्या काही लिक्विडमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, आम्ही केमिस्ट्री लॅबमध्ये त्याची बाटली फ्यूम हूडखाली (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडतो आणि इथे लोक ते डोक्यावर इस्त्री करतात.

एक्झाम आणि सबमिशनच्या आठवड्यात मात्र यातलं काही होत नाही. तेव्हा सैल दोन वेण्या, वर क्लचर, झालं. लेडीज डब्यात दारात उभं राहायचं असेल तरी वेणीच, नाहीतर केस शेजारच्या बाईच्या तोंडात जातात आणि ती घणसोलीपर्यंत बोलत राहते.

जवस ठाण्यात जांभळी नाक्याला कुठल्याही किराणावाल्याकडे मिळतं. कच्चं मागा, नाहीतर ते भाजलेलं मुखवासवालं देतात.